उधाणाची शाळा

साहेब आले तेव्हा वर्गात चार पोरं होती, आणि त्यातला एक ताप आला म्हणून आईची वाट बघत बसला होता.

दुपारची वेळ, पौर्णिमेचा दुसरा दिवस. दांडपाड्याच्या किनाऱ्याला एकामागून एक होड्या लागत होत्या आणि सगळा पाडा तिकडे लोटला होता. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पोरंटोरं, सगळी वाळूवर ओतलेल्या ढिगांभोवती उकिडवी बसून बोंबील वेगळे, जवळा वेगळा, करंदी वेगळी करत होती. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. जिल्हा परिषदेची, कौलारू, सहावी ते आठवी एकाच खोलीत. त्या खोलीला शिक्षिका एकच, मनोरमाबाई.

"बाकीची मुलं कुठे आहेत?" साहेबांनी दारातूनच विचारलं. ते शिक्षण खात्याचे अधिकारी, शाळांची पडताळणी करत फिरत होते.

"बंदरावर. उधाण आहे ना सर," मनोरमा म्हणाली. हसत म्हणाली, कारण यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. "उधाणाच्या दिवसांत आम्ही सकाळी सातला भरवतो, अकराला सोडतो. भांग लागला, म्हणजे भरती लहान झाली, जाळ्यात काही येईनासं झालं, की संध्याकाळपर्यंत बसतो. रविवारीसुद्धा. तास सगळे भरून निघतात. उलट जास्तच होतात."

"म्हणजे शाळा चंद्रावर चालते?"

साहेबांचा ड्रायव्हर हसला. मनोरमाही हसली. पुढे कितीतरी दिवस आपण त्या वेळी हसलो याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत राहिला.

साहेबांनी मोबाइल काढला आणि रिकाम्या बाकांचे फोटो घेतले. एक दारातून, एक फळ्याकडून. तापलेल्या पोराला त्यांनी जरा बाजूला सरकायला सांगितलं, म्हणजे बाक पूर्ण रिकामा दिसेल. मग नाकाला रुमाल लावून गाडीत बसले. वारा किनाऱ्याकडून येत होता.

मनोरमा अर्नाळ्याची मुलगी, लग्न होऊन दांडपाड्यात आलेली. तिच्या आधी इथे येणारे गुरुजी वसईहून नाहीतर विरारहून यायचे, घड्याळ लावून बसायचे आणि उधाणात वर्ग ओस पडला की पोरांच्या नावाने खडे फोडायचे. उधाण ओसरल्यावर पोरं परत आली की मागचं काही कळायचं नाही, मार बसायचा, आणि सहावी संपायच्या आत शाळा सुटायची ती कायमची. मनोरमाने काही मोठी क्रांती केली नाही. बंदर ज्या वेळेवर चालतं त्या वेळेवर शाळा आणली, एवढंच. तेव्हापासून पाड्यातल्या मुली आठवी पास होऊ लागल्या. हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं, म्हणून कुणी ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

आदेश आला तो नवीन वर्षात. सहावी ते आठवीची उपस्थिती विसाच्या खाली, शाळा वेळापत्रक पाळत नाही, सबब शिक्षकपद शून्य. पटावर चोवीस मुलं होती, पण पट कोण बघतो? फोटो बघतात. बाई अतिरिक्त, त्यांना कुठेतरी दुसरीकडे टाकणार. मुलं महामार्गाच्या बाजूच्या शाळेत 'समायोजित' करणार. शब्द किती गोजिरवाणे असतात सरकारचे. पोरांना उचलून नऊ किलोमीटरवर फेकायचं आणि त्याला समायोजन म्हणायचं.

संध्याकाळी मॅग्डलीन आली. ती पहाटे मासळी घेऊन आचोळ्याच्या बाजारात बसायची ती दिवेलागणीला परत यायची. तिची नेहल सातवीत होती. मॅग्डलीन ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"बाई, खरा हाय का ता?"

"खरं आहे."

"मंग नेहलला मी येवढ्या लांब नाय धाडनार. रिक्षा, मग बस. मी पाटे जातंव, तिचा बाप होडीवर. वाटंत काय झाला तर कोन बघतंय?" तिने पदराने मान पुसली. "तुमी हाव तवर ती शिकल. तुमी गेलाव का ती ढिगावर बसल. मी बसली तशी."

नेहल तिच्या मागे उभी होती.  तिने आपले हात फ्रॉकच्या मागे नेले. करंदीच्या काट्यांनी त्या पोरीची बोटं बारीक बारीक फाटलेली असायची, आणि त्याच बोटांनी ती वर्गात सगळ्यांच्या आधी बीजगणित सोडवायची.

दुसऱ्या दिवशी पाड्याच्या नाक्यावर एक पिवळी बस येऊन उभी राहिली. टोनीभाऊंच्या संस्थेची. टोनीभाऊ पक्षाचे पुढारी, त्यांची इंग्रजी शाळा. बसवर त्यांचा हात जोडलेला फोटो होता आणि प्रवेश सुरू असल्याचा फलक. आदेशाची प्रत अजून ग्रामपंचायतीतसुद्धा पोचली नव्हती, आणि बस मात्र पोचली होती.

टोनीभाऊ स्वतः मनोरमाच्या घरी आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला.

"टीचर, मी तुमच्याच बाजूचा आहे. वरती मी बोलतो. पण पॉलिसी आहे ना, स्टेटची पॉलिसी. त्यात माझं काय चालणार? मुलींना मी बस देतो. फी अर्धी. तुम्हाला पण आमच्याकडे घेतो, का नाही? फक्त आमच्या नव्या बिल्डिंगचं उद्घाटन आहे, मंत्री येणार आहेत, तर पाड्यातल्या बायका घेऊन या. स्टेजवर दोन शब्द बोला."

"काय बोलू?"

"आभार."

शकूबाई, मनोरमाची सासू, पडवीत जाळ्याचा तुटका आस, म्हणजे डोळा, जोडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कनाचे आबार, रं टोनी? आमची शाला मोडल्याचे?"

टोनीभाऊ हसले, चहाचा कप अर्धा ठेवून उठले.

मनोरमाने फेरपडताळणी मागितली. तालुक्याच्या ऑफिसात चार हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी बाकावर बसायचं, शिपाई आत जाऊन यायचा, साहेब मीटिंगमध्ये. आपल्यासारख्याच कितीतरी बाया आणि गुरुजी त्या बाकावर बसलेले तिने पाहिले. कुणी मतदारयादीचं काम घेऊन आलेलं, कुणी पोषण आहाराच्या तांदळाचे आकडे घेऊन. वर्ग सोडून सगळे इथे, आणि पोरं वर्गात नसतात म्हणून ठपका पोरांवर.

शेवटी तारीख मिळाली. मोबाइलवर निरोप आला: उद्या दुपारी बारा वाजता उपस्थिती मोजली जाईल. मनोरमाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. अमावास्येचा दुसरा दिवस, ऐन उधाण.

तिने ऑफिसला फोन केला. "सर, एक आठवडा पुढे घ्या. भांगात घ्या. तुम्ही म्हणाल तेवढा वेळ मुलं बसवते."

"मॅडम, तारीख वरून आली आहे. समुद्राला विचारून पडताळणी होत नाही."

शिक्षक संघटनेच्या संकेत सरांनाही तिने फोन लावला. माणूस वाईट नव्हता, धावपळ करणारा होता. ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात मुंबईला मोठा मोर्चा आहे. राज्यभरातली पदं चाललीत, तुमचं एकटीचं नाही. सगळं एकत्र मांडू. तोवर सबुरी. आणि ते उधाणाचं बोलू नका हां, आपलीच बाजू लंगडी पडते."

"तीच तर आमची बाजू आहे सर," मनोरमा म्हणाली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. शांतारामचा घास हातातच राहिला.

"होडी नको लोटू म्हणतेस? उधाणात?"

"एक दिवस. पोरं शाळेत दिसली पाहिजेत. होड्या आल्या तर पोरं थांबणार नाहीत, आणि थांबवली तर आया एवढा ढीग कशा उपसणार?"

"मनो, थंडीतलं उधाण हाय. बोंबील लागलाय. याच्यावर पावसाल्यातलं पोट भरतो आपण. आणि माझी एक होडी ठेवून काय होनार? सगल्यांनी ठेवाया पायजेत. कोन ठेवील? त्या साहेबाला भांगात यायला काय धाड भरली?"

"विचारलं मी."

"मंग?"

 चुलीजवळून शकूबाई म्हणाली, "शांताराम, तू सहावीत शाला कनाला सोडलीस?"

"आता ता कनाला काढतेस?"

"सांग ना तिला. बायको हाय तुझी."

शांतारामने ताटाकडे बघत सांगितलं. उधाण झालं की दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. हाताला वास येतो म्हणून. लिंबू चोळून गेला तरी उभं करायचे. बाहेर उभं राहून आतली कविता ऐकायची. एक दिवस तो बाहेरच्या बाहेर बंदरावर निघून गेला, आणि गुरुजींना ते चार दिवसांनी कळलं. एवढं सांगून त्याने पाणी मागितलं, घटाघट प्यायला आणि फ्रान्सिसकडे जातो म्हणून निघाला.

फ्रान्सिस मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. पाड्यात मयत झालं की समुद्र बंद, कुणीही होडी लोटायची नाही, हा जुना नेम. चर्चच्या सणाला बंद, नारळी पुनवेला बंद. शाळेसाठी समुद्र कधी बंद झाला नव्हता. सोसायटीच्या खोलीत त्यावर खूप आरडाओरडा झाला. बर्फवाल्याला काय सांगायचं, डिझेलची उधारी कोण देणार, एकदा पायंडा पडला की पुढे काय. शेवटी फ्रान्सिसनी टेबलावर हात आपटला. "मयताला बंद करतू का नाय? मंग ही काय जित्याची गोष्ट हाय? आज शाला मरतेय. उद्या समुद्र बंद."

त्या दिवशी दांडपाड्याच्या सगळ्या होड्या नांगरावर डुलत राहिल्या. ऐन उधाणाचं पाणी भरून आलं आणि रिकामं परत गेलं. पुरुष किनाऱ्यावर उभे राहून त्या पाण्याकडे बघत होते.

शाळेत चोवीसच्या चोवीस पोरं. गणवेश धुतलेले, केसांना तेल. जोएल तर मोठ्या भावाचे बूट घालून आला होता, ते चालताना टपाटप निघत होते. मॅग्डलीनने बाजार बुडवला आणि इतर बायांबरोबर शाळेचं अंगण शेणाने सारवलं. दारात रांगोळी काढली. आपल्या घरचा पाहुणा येणार असावा तशी सगळी तयारी.

बारा वाजले. साहेब आले नाहीत. पोरं ताठ बसून होती. एक वाजला तसं मनोरमाने शिकवायला घेतलं, पण सगळ्यांचे कान रस्त्याकडे. गाडीचा आवाज आला की चोवीस पाठी एकदम सरळ व्हायच्या. पाववाल्याची गाडी निघाली, मग सिलिंडरची. दोन वाजले, तीन वाजले. कुणालाही डबा खायची इच्छा नव्हती, कारण खाताना साहेब आले तर?

चार वाजता निरोप आला. कार्यालयीन व्यग्रतेमुळे प्रत्यक्ष भेट शक्य नाही. पूर्वीच्या अहवालानुसार पडताळणी पूर्ण झाल्याचं समजावं.

आणि थोड्याच वेळात टोनीभाऊंच्या ग्रुपवरून फोटो आले. नवी इमारत, मंत्री, फीत. मंत्र्यांच्या मागे हारांचं तबक धरून साहेब उभे होते. शिकलासवरलेला माणूस, सरकारचा पगार खाणारा, आणि दिवसभर तबक धरून उभा. त्याच्यासाठी एका पाड्याने आपलं उधाण समुद्रात सोडून दिलं होतं.

"बाई," नेहलने विचारलं, "आज आमी हजर होतो ना?"

 मनोरमा फळ्याकडे वळली आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिली. मग तिने डस्टर भिंतीवर फेकून मारलं. पोरांनी बाईंना असं कधी पाहिलं नव्हतं.

"होता," ती म्हणाली. "आणि हे त्यांना दाखवायचंय. परवा सगळे तयार राहा."

दुसऱ्या दिवशी होड्या गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आल्या त्या काठोकाठ भरून. जाळी आडवी होतील एवढा बोंबील. त्याच सकाळी फ्रान्सिसनी सोसायटीचा टेम्पो शाळेसमोर आणून उभा केला होता. पोरं चढली. आयाही निघाल्या. तेवढ्यात मॅग्डलीनने किनाऱ्याकडे बघून कपाळावर हात मारला.

"आनि यो ढीग? सांजपर्यंत सडल ना."

पोरं तिकडे, आया तिकडे, मग बोंबील वाळत कोण घालणार? बायका घुटमळल्या. दोघी तर उतरायलाच लागल्या. मनोरमाला वाटलं, संपलं. मग शकूबाईने साडीचा काष्टा खोचला.

"भरा टोपल्या. टेम्पोत जागा हाय. दोरबी घ्या."

तालुक्याच्या ऑफिसच्या आवारात टेम्पो शिरला तेव्हा शिपाई चहा पीत होता. पोरं रांगेने उतरली आणि साहेबांच्या केबिनबाहेरच्या व्हरांड्यात ओळीने बसली. मनोरमाने आणलेला फळा भिंतीला टेकवला, तारीख लिहिली आणि मोठ्याने हजेरी घेतली. एकेक नाव, एकेक "हजर बाई". आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. खिडक्यांतून माना बाहेर आल्या. बाकावर हेलपाटे घालत बसलेले दोन गुरुजी उठले आणि पोरांच्या मागे जाऊन उभे राहिले.

साहेब बाहेर आले. "हा काय तमाशा आहे?"

"मोजा सर," मनोरमा म्हणाली. "परवा तुम्हाला जमलं नाही. म्हणून आम्ही आलो. चोवीस आहेत."

साहेबांनी पोरांवरून नजर फिरवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं. त्यांनी मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

"छान. मुलं इथे आहेत. म्हणजे या क्षणी तुमच्या वर्गात किती आहेत मॅडम? शून्य. शाळेच्या वेळेत शाळा रिकामी ठेवून विद्यार्थ्यांना आंदोलनाला आणलं. हा अहवाल मी आजच पाठवतो."

 पोरं शाळेत असली तर यांनी यायचं नाही, इथे आणली तर शाळेत नाहीत. कुठेही गेलं तरी यांचं शून्य ठरलेलंच. मनोरमाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिचा आवाज फाटला. पोरांच्या देखत, त्या माणसाच्या देखत, तिला रडू फुटलं. ते त्याने बघितलं आणि तो केबिनकडे वळला.

"मनो, तू शिकव," मागून शकूबाई म्हणाली. "फल्यावर बघ. आमी आमचा काम करतू."

तिने दोराचं एक टोक मॅग्डलीनकडे फेकलं. आवारात गाड्यांसाठी पत्र्याची शेड होती. एका खांबाला गाठ, दुसऱ्या खांबाला गाठ. मग दुसरा दोर, तिसरा दोर. बायका टोपल्या घेऊन बसल्या. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची. जन्मभर हेच केलेले हात, डोळे मिटूनही चालले असते. बघता बघता शेड भरली. ओले, मऊ, गुलाबी बोंबील ओळीने लोंबू लागले आणि खाली उभ्या असलेल्या साहेबांच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर टपटप पाणी गळायला लागलं. वास उन्हाबरोबर चढत गेला, व्हरांड्यातून आत, जिन्यावरून वर, प्रत्येक खोलीत. व्हरांड्यात मनोरमा डोळे पुसून वर्गमूळ शिकवत होती. नेहल फळ्याजवळ खडू घेऊन उभी होती.

साहेब पुन्हा बाहेर आले. नाकावर रुमाल. मागे दोन कारकून, तेही रुमाल लावून.

"बंद करा हे! पोलीस बोलवीन. काढा ते सगळं!"

"पोलीस पन आमच्याकनाच बोंबील नेतान," मॅग्डलीन हात न थांबवता म्हणाली.

"अरे हे सरकारी ऑफिस आहे! इथे माणसं कामं करतात!"

"आमी बी कामच करतू," शकूबाई उठली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते. ती चालत साहेबांच्या अगदी समोर आली, तसे साहेब एक पाऊल मागे सरले. "पोरां तुमच्याकं आनायला लागली. त्यांच्या मागं आया आल्या. आयांच्या मागं मासली आली. तुमी आमच्या शालंत आला असताव, तर ही तुमच्या दारात आली नसती."

रुमालाआडून साहेबांना नीट बोलता येईना. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा व्हरांड्यातल्या पोरांकडे. पोरं हसत नव्हती. ती वहीत वर्गमूळ सोडवत होती, आणि सगळ्यांच्या हातांना वास येत होता, पण त्यासाठी त्यांना आज कुणी बाहेर उभं करू शकत नव्हतं.

"हे कधीपर्यंत चालणार आहे?" साहेबांनी विचारलं.

शकूबाईने तोंड वर करून वारा बघितला.

"सुकंपर्यंत," ती म्हणाली. "वारा असाच ऱ्हायला तर दोन दिस. नाय तर तीन. आनि उद्याच्यालाबी होड्या येतान साहेब, अजून उधाण हाय."

मग ती परत जाऊन टोपलीपाशी बसली आणि तिने चौथा दोर बांधायला सांगितलं.